माझ्या नावाची माती

मोरबी, गुजरात
टाइलच्या कारखान्यामागची खोली नंबर नऊ
रविवार, दुपार

आदरणीय मोठे बाबा डोमाजी यांस,

तुमच्या धाकट्या भावाचा पोरगा अतुल इकडून दोन्ही हात जोडून जय भीम करते, तो घ्यावा. मी बरा आहे, म्हणजे जेवतो, झोपतो, भट्टीवर जातो. तुमचा गुडघा कसा आहे? थंडीनं धरला असेल. धानाचं चुरणं झालं का? लाल गाय व्याली का अजून आज-उद्या करून राहिली? डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल तर हे पत्र तुम्ही स्वतः वाचून राहिले असाल, आणि झालं नसेल तर तुमची नात वाचून दाखवून राहिली असेल. (प्रतिक्षा, हे कंसातलं मोठ्यानं वाचू नको. पुढंही जिथं जिथं कंस दिसला ते फक्त तुझ्यासाठी. आजोबा म्हणाले, 'थांबली काहून?' तर म्हण, 'काकाचं अक्षर लागत नाही.' माझं अक्षर ज्यानं पाहिलं आहे तो यावर शंका घेणार नाही.)

आठवीत शाळा सुटली तेव्हापासून मी लांबलचक असं काही लिहिलं नाही. कारखान्यात खोक्यावर कोणती बाजू वर ठेवायची तेवढा बाण काढतो. तरी आज कागद घेऊन बसलो, कारण फोनवर तुम्ही मले बोलूच देत नाही. फोन कानाले लावला का तुम्ही एकच पुसता, "माती कधी टाकतस?" आणि मी काही सांगायच्या आत "ऐकू नाही येत" म्हणून फोन प्रतिक्षाच्या हातात देता. मागल्या आठवड्यात प्रफुल्लभाऊचा फोन आला. म्हणे, मोहाच्या झाडावरची पोटली गायब झाली, गावभर बोभाटा झाला, आणि बाबा म्हणतात का आता पोराची वाट पाहणं पुरे, पुनवेले मीच त्याच्या नावची दुसरी मूठ टाकतो आणि मायच्या मातीवर ओटा बांधून घेतो. मोठे बाबा, ते तेवढं करू नका. काहून करू नका ते सांगायलेच हे पत्र आहे. थोडं लांबेल. चहा ठेवायले सांगा.

आपल्या घरची रीत तुमाले सांगायची गरज नाही, पण लिहिता लिहिता मीच पुन्हा समजून घेतो. माती देते वेळी जो पोरगा हजर नाही, त्याच्या नावची एक मूठ माती मयताच्याच लुगड्याच्या नाहीतर धोतराच्या फडक्यात बांधायची आणि मोहाच्या फांदीले टांगायची. तो आला का त्यानं सोडायची आणि टाकायची. पणजोबांचा एक पोरगा नागपूरच्या गिरणीत, एक रेल्वेवर खडी फोडायले, तार पोचेपर्यंत माणूस थांबत नसे, तेव्हाची ही रीत. जोवर ती मूठ पडत नाही तोवर गेलेलं माणूस जागं राहते म्हणतात. 'म्हणतात' असं लिहिलं, कारण तुम्ही असलं काही मानत नाही. पण पोटलीची गाठ तुम्हीच बांधली होती, असं प्रफुल्लभाऊ सांगे.

मागल्या साली भादव्यात माय गेली तेव्हा रुळावर पाणी आल्यानं माझी गाडी अडकली, हे तुमाले माहीतच आहे. (प्रतिक्षा, पाणी कुठंच नव्हतं. गाडी बरोबर चालली होती. जळगावच्या अलीकडे तुझ्या बाबाचा फोन आला का पाऊस लागला आहे, ठेवता येत नव्हतं, माती दिली, आता तू सावकाश ये. मी जळगावले उतरलो. चहा घेतला. समोरच्या फलाटावर सुरतकडची गाडी उभी होती, तिच्यात जाऊन बसलो. काहून बसलो ते मलेही सांगता येत नाही. घाईनं ये म्हटलं असतं तर आलो असतो. सावकाश ये म्हटल्यावर किती सावकाश, ते समजेना. त्याले आता दीड साल होत आलं.)

आपल्या मरघटाले लोकं भितात, त्याचं मले लहानपणापासून कौतुकच वाटे. गावच्या घाटावर आपल्या माणसाले जागा नव्हती, तेव्हा पणजोबांनी कोतवालकीच्या जमिनीतला बोडीच्या तळ्याजवळचा भरड तुकडा, जिथं धान होत नाही, तो आपल्या मयतांसाठी ठेवला. पुढं घाट सगळ्यांले खुला झाला, टिनाचं शेडही झालं, तरी आपण गेलो नाही. तुम्ही म्हणाले, आपली माणसं इथं आहेत, तिकडे अनोळखी लोकांत कायले जायचं. तर अशी अकरा माणसं तिथं आधीपासून, आणि अकराही जणांची एकेक गोष्ट गावाजवळ. पणजोबा भर दुपारी काठी आपटत दवंडी देतात. काय देतात ते धनीरामकाकाले पाठ आहे: देवीची लस टोचून घ्या, सरकारचा हुकूम आहे. (करोनाची लस धनीरामकाकानं गावात सगळ्यात आधी घेतली ती त्याच भीतीनं. डॉक्टरीणबाईले वाटलं, काय समजदार शेतकरी आहे.) मोठी आत्या विहीर नसलेल्या जागी दोर सोडते. आणि आपली आजी तंबाखू-सुपारीचा खर्रा मागते.

आजीवरून तुमचं आणि धनीरामकाकाचं पानठेल्यावर झालेलं भांडण मी या खोलीतल्या पोरांले इतक्या वेळा सांगतलं का त्यांचंही पाठ झालं. तुमचा नियम सरळ होता. छप्पनच्या आधी गेलेले चार जण फिरू शकतात, त्यांनी दीक्षा घेतली नव्हती, त्यांच्यावर आपला जोर नाही. छप्पननंतरच्या सात जणांले फिरायची परवानगी नाही. तुम्ही म्हणाले, "माही माय पायी नागपूरले जाऊन दीक्षा घेतलेली बाई. ते भूत होऊच शकत नाही. तू दुसऱ्या कोनाची पाह्यली असशीन."

धनीरामकाका म्हणे, "दुसऱ्याची कशी, डोमाजी? खर्रा मांगितला तिनं. देला, तं म्हने चुना कमी हाये."

चुन्यावरून आजी अगदी अशीच बोले, हे तुमालेही माहीत. तेव्हापासून धनीरामकाका त्या रस्त्यानं जाताना लुना थांबवून काठच्या दगडावर चिमूटभर खर्रा ठेवते. आजपर्यंत त्याचा नेम चुकला नाही. ती लुना आणि ती चिमूट ध्यानात असू द्या, तिच्यापायीच सगळं झालं.

इकडे खोलीत आम्ही सहा जण. एक बिहारचा, दोन ओडिशाचे, दोन झाबुआकडचे आणि मी. टीव्ही नाही. रविवारी पोरं म्हणतात, अतुल, तुझ्या घरच्यांचं काही सांग. मी अकरा जणांचं सांगतो. बिहारचा कुलदीप तापानं पडला होता तेव्हा मलेच पुसे, "दादी कैसी है?" मी म्हणे, बरी आहे, चुना कमी पडून राहिला. असं करता करता एक दिवस झाबुआचा पोरगा म्हणाला, "और तेरी माँ का?" माझ्याजवळ मायची एकही गोष्ट नव्हती. अकरा जण कोणाले ना कोणाले दिसतात, आणि माय बारावी, चौदा महिने झाले तरी कोणाले दिसली नव्हती. ना दवंडी, ना दोर, ना खर्रा. जिती असतानाही ती अशीच होती, पाहुणे आले का चुलीमागं. मी पोरांले म्हटलं, तिचं अजून ठरलं नाही. (त्या राती मी सुट्टीचा अर्ज लिहिला. मालकानं पुसलं, काम काय? मी म्हटलं, माती टाकायची आहे. त्याले वाटलं, घर बांधून राहिलो.)

तर मोठे बाबा, मंडईच्या दिवशी मी गावात आलो होतो. तुमाले आता राग आला असेल. थोडा वेळ येऊ द्या, मग पुढचं ऐका. आसगावच्या मंडईच्या जत्रेचा दिवस मुद्दाम धरला, कारण त्या दिवशी दुपारून आपल्या कोंढ्यात म्हातारी कुत्री आणि तुम्ही, एवढेच राहता. ठरवलं होतं का आधी माती टाकायची आणि मग घरी यायचं, म्हणजे तुम्ही "माती कधी टाकतस" म्हणाले का म्हणायचं, "टाकूनच आलो." चार वाजता फाट्यावर उतरलो. पिशवीत प्रतिक्षासाठी बिस्किटं आणि मायची हिरवी साडी. ती मी सुरतेले गाडी बदलताना घेतली होती, माय जायच्या आधीच्या दिवाळीत. द्यायचीच राहून गेली.

मरघटात गेलो. बारावी कोणती ते कोणाले पुसावं लागलं नाही. बाकीच्यांवर गवत होतं आणि तिच्यावरही होतं, पण थोडं कवळं. पोटली मोहावर दिसली. तिच्या निळ्या लुगड्याचं फडकं, उन्हानं पांढरं पडलेलं. आणि पोटलीच्या बरोबर वर लाल मुंग्यांनी पानं शिवून घर केलं होतं. इतके दिवस तिकडे कोणी फिरकलं नाही म्हटल्यावर त्या तरी काय करतील. मी चढलो, हात लांबवला, पोटली सोडवली, आणि तेवढ्यात मुंग्यांचं सगळं घर माझ्या मानेवर बसलं. (पुढचं वाच, पण हळू वाच.) मी पोटलीसकट खाली पडलो. शर्ट काढला. मुंग्या पँटीत गेल्या म्हणून पँट काढली. उड्या मारून राहिलो, अंग झटकून राहिलो, आणि मोहाच्या भोवती गोल गोल फिरून राहिलो. इतक्यात लुनाचा आवाज आला.

धनीरामकाका आणि चंद्रभागाबाई मंडईले निघाले होते. आजीच्या दगडापाशी लुना थांबणार हे मले माहीत होतं, पळायले वेळ नव्हता. उघड्या अंगानं गावच्या बाईसमोर कसं उभं राहायचं? हाताले साडी लागली. ती गुंडाळली, आणि तोंड ओळखीचं म्हणून डोक्यावरून पदर घेतला. पण मुंग्या साडीच्या आतच होत्या. म्हणून धनीरामकाकानं चिमूट ठेवून मान वर केली तेव्हा त्याले दिसलं ते असं का आपल्या रामटेक्यांच्या मरघटात एक बाई नवी हिरवी साडी नेसून, पदर ओढून, नाचून राहिली आहे.

काका ओरडला नाही. लुनावर बसला आणि गेला. बायको खाली उतरली होती, ते त्याच्या ध्यानात आसगावच्या अलीकडे आलं असेल.

चंद्रभागाबाई तिथंच उभी राहिली. मायसोबत तिनं वीस साल धानाचा रोवणा केला, दोघी एकाच बांधीत, एकमेकींच्या बाजूले. तिनं डोळ्यावर हात धरून पाहिलं आणि म्हणे, "लीला होय का व?"

मी हललो नाही. मुंग्या चावून राहिल्या होत्या तरी हललो नाही.

"नवी साडी नेसली व. पोरानं धाडली वाटते. बरी दिसते तुले."

मी पदर आणखी ओढला.

"पोरगा आला का?"

मोठे बाबा, तेव्हा मी काय करायले पाहिजे होतं? पदर काढून 'आलो' म्हणायले पाहिजे होतं. ते मले आता इथं बसून समजते. तेव्हा मी मान हलवली. नाही म्हणून.

ती म्हणे, "येईन व. दूर हाये ना तो. तू लय जागी नोको राहू, पाठ धरते तुही." दोन पावलं गेली आणि परत फिरली. "मी येत जाईन इकून. तू भेऊ नोको." भुताले भेऊ नको म्हणणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली. मग ती नवऱ्याच्या नावानं जे बोलायचं ते बोलत आसगावच्या वाटेनं पायी निघाली.

आता तुम्ही पुसाल का ती गेल्यावर तरी माती काहून नाही टाकली. बाई शंभर पावलंही गेली नव्हती. आत्ताच मी मान हलवून सांगतलं का पोरगा नाही आला. लगेच माती टाकली असती तर मायच्या तोंडून खोटं बोलवल्यासारखं झालं असतं. मी बसून राहिलो. पोटली मांडीवर होती. मग वाटलं, ज्यानं आपण आलो नाही म्हणून सांगतलं त्यानं घरी तरी कोणत्या तोंडानं जावं? कपडे घातले आणि आलो तसा फाट्यावर गेलो. पवनीहून नागपूरपर्यंत मी उभ्यानं आलो, गाडी रिकामी असून. पँटीत अजून मुंग्या होत्या. (बिस्किटं गाडीत खाल्ली. तुले दुसरी धाडतो.)

प्रफुल्लभाऊ सांगे का गावात आता असं चालू आहे: लीलाबाई स्वतः आली, वाट पाहून थकली म्हणून आपली पोटली आपणच सोडून घेऊन गेली, आणि नाचली ती रागानं. आणि पानठेल्यावर भैय्यालाल तुमाले म्हणे, "काय डोमाजी, छप्पनचा नियम बदलला वाटते?" तेव्हापासून तुम्ही ठेल्यावर जात नाही, असं ऐकलं. तुमच्या वयात माणूस ठेल्यावर गेला नाही तर मग जाणार कुठं? म्हणून हे सगळं लिहून देतो. तिथं माय नव्हती, मी होतो. तुमचा नियम जागच्या जागी आहे. हे पत्र ठेल्यावर चारचौघांत वाचून दाखवा, माझं हसं झालं तर होऊ द्या, मी इतका दूर आहे का मले ऐकू येणार नाही. आणि पोटली माझ्यापाशी आहे, ट्रंकेत. कुलदीप ती सत्तू समजून पाण्यात घोळायले निघाला होता, थोडक्यात वाचली. पुनवेले तुम्ही दुसरी मूठ टाकू नका. माझ्या नावची माती मी आणीन. त्या आधी तुम्ही पायाले शेक घ्या आणि ऑपरेशन करून टाका.

मोठ्या मायले जय भीम. प्रफुल्लभाऊले सांगा का ओट्यासाठी टाइल मी इकडून धाडीन, थोड्या फुटक्या मिळतात पण रंग पक्का असते.

तुमच्या लहान भावाचा एकुलता,
अतुल

ता. क. प्रतिक्षा, हे ता. क. सगळे कंसातलेच समज, कंस काढायचा राहिला. तू आधी पत्र एकटीनं वाचलं असेल, तुझी ती सवय चांगली आहे. तर आता आजोबांले वाचून दाखवताना 'मंडईच्या दिवशी मी गावात आलो होतो' इथून पुढचं काहीच वाचू नको. ठेल्यावर तर नेऊच नको. मी ते रागाच्या भरात, म्हणजे भैय्यालालच्या रागात, लिहिलं. तुझे बाबा हसून सांगत होते का चंद्रभागाबाई आता आठवड्यातून दोनदा तिकडून जाते, आणि रस्त्यावर उभी राहून मायशी रोवण्याचं, सुनेचं, सगळं बोलते. मायशी बोलणारं गावात एक माणूस झालं आहे. ते मी होतो हे तिले समजलं तर ती बोलणं टाकून देईल. मायची गोष्ट आता कुठं सुरू झाली.

ता. क. दुसरं. आजोबांचा मान जाऊ नये म्हणून त्यांले असं सांग का लीलाबाई भूत नाही, ती नुसती पोराची वाट पाहून राहिली आहे, आणि वाट पाहायले बावीस प्रतिज्ञांत कुठं मनाई नाही. भैय्यालालले हेच उत्तर द्या म्हणा. ते जातील मग ठेल्यावर.

ता. क. तिसरं. वर मी लिहिलं का माझ्या नावची माती मी आणीन. आणीन. पण कधी ते लिहिलं नाही, ते तुझ्या ध्यानात आलं असेल, तू बारावीत आहेस. तिकीट काढलं नाही. दोनदा ट्रंक उघडली आणि दोनदा लावली. असं आहे का एकदा ती मूठ पडली का माय झोपते. मग कोंढ्यात माझ्यासाठी जागं असं कोणी राहत नाही. तुम्ही सगळे आहात, मी नाही म्हणत नाही, पण तुम्ही नवाच्या आत झोपता. म्हणून तेवढं पुनवेचं थांबव. कसं थांबवायचं ते तू पाह्य, गुडघ्याचं काढ, मोतीबिंदूचं काढ.

ता. क. शेवटचं, आणि खरं म्हणजे याच्यासाठीच कागद घेतला होता. चंद्रभागाबाई पुढच्या आठवड्यात तिच्या पोरीच्या, दामिनीच्या, बाळंतपणाले एकोडीले जाऊन राहिली, उन्हाळ्यापर्यंत परत येत नाही, असं तुझे बाबा म्हणाले. तू कॉलेजले त्याच रस्त्यानं जातेस. आठवण राहिली तर मरघटापाशी एवढंच पुसत जा, "काकीआजी, पोरगा आला का?" सायकलवरून उतरू नको, उत्तरासाठी थांबू नको, तुले उशीर होते. जाता जाताच पुस.